गुरुवारची सहल: सकाळी त्रिरश्मी लेणी, दुपारी वायनरी



गुरुवारी आपली गाडी सकाळी ७ वाजता पॅकहाऊससमोरून सुटेल. दोन-तीन सभासदांनी फोन करून विचारलं, "वायनरी समजलं, पण लेणी कशाला? ती तर शाळेत असताना पाहिली." म्हणून आधीच थोडं सांगतो.

आपण पांडवलेणी म्हणतो, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. हे बौद्ध भिक्खूंचे विहार, पावसाळ्यात मुक्काम करायची जागा. एकूण २४ लेणी आहेत. त्यातलं १० नंबरचं नीट बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरून घेतलं. व्हरांड्यात ब्राह्मी अक्षरांत चक्क हिशोब कोरलाय. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आपल्या कंपनीची जुनी भावकीच म्हणा. २००० नाणी दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचं नाही, व्याजच वापरायचं. आता २००० चं व्याज तुम्हीच करा. महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात लिहिलंय की पावसाळा तिथे काढणाऱ्या २० भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ नाणी. वीस बारे दोनशे चाळीस! आपल्या मागच्या ऑडिटला एवढा मेळ पहिल्या फटक्यात बसला असता तर मी दोन दिवस लवकर घरी गेलो असतो.

३ नंबरच्या लेण्यातला लेख तर खास शेतकऱ्यासाठी आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना एका गावात शेत दिलं होतं. पुढे कळलं की ते शेत कुणी कसत नाही, गावातही वस्ती राहिलेली नाही. मग त्याने बदल्यात नगराच्या हद्दीवरची सरकारी जमीन दिली, १०० निवर्तनं, आणि हे सगळं कारणासकट भिंतीवर कोरून ठेवलं. दुपारी कराराचा विषय निघेल तेव्हा ही भिंत डोळ्यासमोर असू द्या.

लेणी सकाळी का, ते वेगळं सांगायला नको. ते श्रद्धास्थान आहे, वायनरीतून तिकडे जायचं नाही. चव घेणं ऐच्छिक आहे, कुणी आग्रह करणार नाही.

आता वायनरी. गेल्या दोन हंगामांत पावसाने झोडपल्यावर बरेच जण विचारतायत, "साहेब, वाइनची द्राक्षं लावू का?" या द्राक्षाचा मणी फुगवायचा नसतो. जीए नाही, डिपिंग नाही, विरळणी नाही. त्यामुळे मजुरी आणि खर्च दोन्ही कमी. साखर मात्र २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत न्यावी लागते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की ती घसरते आणि दरही घसरतो. खरी अडचण वेगळीच. मणी बारीक, आत बिया, साल जाड. वायनरीने नाही घेतला तर हा माल मार्केटला कुणी हातात धरत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. गिऱ्हाईक एकच.

२००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या वाढल्या, लोकांनी बागा लावल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी पडली. माझ्या चुलत्यांची दीड एकर शिराझ होती. तोडणीच्या आठवड्यात वायनरीतून फोन आला, "टाक्या भरल्यात, थांबा." करार होता, पण माल उचलायची तारीख नव्हती आणि नाही उचलला तर भरपाई किती तेही नव्हतं. घड वेलीवरच सुकले. त्याच उन्हाळ्यात बाग तोडली. मी तेव्हा सहावीत होतो, सरपण वाहिलंय.

म्हणून टाक्या आणि लाकडी पिंपं बघून फोटो काढा, पण द्राक्षखरेदी बघणाऱ्या माणसाला गाठून विचाराच. ब्रिक्स कोण मोजणार, नमुना वेलीवरून घेणार की गाडीतून? टाक्या भरल्या तर काय? पैसे किती दिवसांत? उत्तरं वहीत लिहा, परतताना गाडीत सगळ्यांची ताडून बघू.

लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत, चप्पल नको, बूट घाला. पाण्याची बाटली आणि डबा आणा. गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी आधी कळवा. नावं बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत याच नंबरवर पाठवा. ४० जागा आहेत, घरच्या बाईमाणसांची नावं पण द्या. बागेचा हिशोब बऱ्याच घरी त्याच ठेवतात.