बाटली ५३-एनच्या आधी आणि नंतर

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीच्या धान्यगोदामांभोवती माणसं एकाएकी तापाने मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत सगळं संपायचं. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे, असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा ते ऐकायला फारसं कुणी तयार नव्हतं. महिन्याभरात शहर रिकामं होऊ लागलं. १८९१ आणि १९०१च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेवल्या तर दिसतं, की वाढत्या मुंबईची लोकसंख्या या दहा वर्षांत चाळीस हजारांहून जास्त कमी झाली होती.

सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेऊन मग भारतात आलेले हे शास्त्रज्ञ. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई मिळाले. मांसरसावर तूप तरंगत ठेवलं की त्याच्या थेंबांखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात, हे त्यांनी तिथेच पाहिलं. ते जंतू उष्णतेने मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी. ताप आला, दंड दुखला, तरी ते काम करत राहिले. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे कैद्यांना विचारलं गेलं आणि जे तयार झाले त्यांनाच लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्ही ठळकपणे जास्त निघाले.

त्याच वर्षी पुण्यात जे घडलं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. गोरे शिपाई घरात शिरत, देवघरापर्यंत जात, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासत. जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. या सगळ्या धामधुमीत लोकांच्या मनात लष्कराचा बूट आणि डॉक्टरची सुई एकमेकांत मिसळून गेली. हाफकिन यांचा भर पहिल्यापासून स्वेच्छेवर होता. मुंबईत खोजा समाजाचे तरुण आगाखान लोकांसमोर उभे राहून स्वतःला टोचून घेत होते, हाफकिन यांना कामासाठी आपली वास्तू देत होते आणि त्यांच्या अनुयायांना त्यातून धीर येत होता. जबरदस्तीने जे साधलं नाही, ते अशा उदाहरणांनी काही प्रमाणात साधलं. आजवरच्या प्रत्येक मोहिमेत मला हाच फरक निर्णायक वाटत आला आहे.

लस मुंबईला तशी नवीन नव्हती. १४ जून १८०२ रोजी याच शहरात ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली होती. भारतातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. लस बगदाद, बसऱ्यामार्गे आली होती आणि तिला जिवंत ठेवायचा एकच मार्ग होता. एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडाला टोचायची. तिच्या दंडावरून ती इतर मुलांकडे गेली आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे. ही पद्धत जीव वाचवत होती, पण एका मुलाचा दुसरा आजारही तिच्याबरोबर पुढे जाऊ शकत होता. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायला लागले आणि ती वाट बंद झाली. सुरक्षितता अशी एकेक पायरी चढत आली आहे, आणि प्रत्येक पायरीमागे कुणाचं तरी सोसणं आहे.

यातली सगळ्यात कडू पायरी म्हणजे पंजाबातलं मलकोवाल. १९०२च्या हिवाळ्यात तिथे प्लेगविरोधी मोठी मोहीम आखली होती. लस जात होती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या, १८९९ साली सुरू झालेल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून. मागणी इतकी होती, की उत्पादन वेगाने व्हावं म्हणून हाफकिन यांनी प्रक्रियेतून कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता. ३० ऑक्टोबरला मलकोवालमध्ये १०७ लोकांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांतले १९ जण धनुर्वाताने आजारी पडले आणि सगळेच्या सगळे दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून मिळाली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

चौकशी बसली. आयोगाचा निष्कर्ष असा, की दोष बाटली उघडण्याआधीचा, म्हणजे परळचा आहे, आणि कार्बोलिक वगळणं ही चूक आहे. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. ते इंग्लंडला गेले आणि वर्षानुवर्षं आपली बाजू मांडत राहिले. मधल्या काळात बाटली उघडतानाचे तपशील लोकांच्या नजरेत आले. बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर दुर्गंधी आली असती. आणि झाकण काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, जुजबी धुऊन पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

जुलै १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र छापून आलं. हिवतापाचा डासाशी संबंध सिद्ध करून नोबेल मिळवलेले हेच रॉस. त्यांनी हाफकिन यांच्या बाजूने उघडपणे उभं राहून पुरावे मांडले, आणि त्या वर्षअखेरीला हाफकिन निर्दोष ठरले. कामावर परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९१५ साली ते भारत सोडून गेले. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. इकडे पंजाबातली मोहीम मलकोवालनंतर मागे पडली होती, आणि पुढच्या वर्षांत त्या प्रांतात प्लेगने लाखांनी माणसं नेली.

ही गोष्ट सहसा एका शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते. तो अन्याय होताच. पण माझ्या मनात ते १९ जण जास्त रेंगाळतात. लस घ्यायला स्वतःहून पुढे आलेली ती गावातली माणसं होती. त्यांच्या घरच्यांना पाच वर्षांनी ‘टाइम्स’मधलं पत्र कुणी वाचून दाखवलं नसणार. लस आणि ती टोचणारा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध करायला इतका वेळ लागला, आणि तोवर लोकांचा विश्वास आटून गेला होता.

आज उपकेंद्रात नर्सबाई लस देताना ज्या बारीकसारीक गोष्टी करतात, त्या मलकोवालसारख्या घटनांना दिलेलं उत्तर आहे. त्यांची सुई अशी असते, की एकदा दट्ट्या दाबला की तो अडकतो, सुई परत भरताच येत नाही. कुपीच्या लेबलावर गोलात एक लहान चौकोन असतो. लस उष्णतेत राहिली की तो गडद होत जातो आणि बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी फेकून द्यायची. गोवरची लस एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. टोचल्यावर अर्धा तास आईला बाळासह बसवून ठेवायचं, कारण तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा या वेळात दिसते आणि इंजेक्शन देऊन आवरता येते. बाळाला नंतर काही गंभीर झालं तर ते वर कळवायचं, आणि लशीने झालं, टोचण्यातल्या चुकीने झालं की निव्वळ त्याच वेळी झालं, हे समितीने तपासायचं. ताप येणं, मांडी सुजणं हे नेहमीचं आहे आणि तेही आईला आधी सांगायचं. कार्डावर पुढची तारीख लिहिण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

देवीची लस आजच्या मापाने पाहिली तर फार सौम्य नव्हती. पहिल्यांदा टोचलेल्या दर दहा लाखांत एक-दोघांचा मृत्यू होई. पण देवी झालेल्या शंभरातले तीसेक जण मरत, आणि वाचलेल्यांचे चेहरे वणांनी भरत, काहींचे डोळे जात. १९७४ या एका वर्षात भारतात देवीचे १,८८,०००च्या घरात रुग्ण होते. शोधपथकं घरोघर फिरली, रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस टोचली गेली. १९७५च्या मे महिन्यात आसामातल्या करीमगंज रेल्वे स्थानकावर शेवटचा रुग्ण सापडला. जग देवीमुक्त झाल्याची घोषणा मे १९८०मध्ये झाली. मग ही लस द्यायचीच बंद झाली. दंडावर देवीच्या खुणा असलेली पिढी आणि नसलेली पिढी यांच्यामध्ये हा निर्णय उभा आहे. रोग नाहीसा झाला तर दहा लाखांत एकाचाही धोका कशाला पत्करायचा, असा तो हिशेब होता. लसीकरणवाल्यांना फक्त टोचत राहायचं असतं, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावं.

पोलिओत हाच हिशेब आणखी बारकाईने झाला. तोंडाने द्यायच्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. फार क्वचित, सुमारे २७ लाख मात्रांमागे एकदा, त्याच विषाणूने लकवा होऊ शकतो. हे शास्त्रज्ञांनी दडवलं नाही. २००९मध्ये जगातले जवळपास निम्मे पोलिओ रुग्ण भारतात होते, ७४१. २०१० साली ४२. आणि २०११च्या जानेवारीत हावड्यात एक, तो शेवटचा. तोवर थेंबांशिवाय पर्याय नव्हता, कारण रविवारी बूथवर आणि मग घरोघर, एकाच वेळी कोट्यवधी मुलांना देता येणारी दुसरी लस नव्हती. २०१४च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी निष्क्रिय विषाणूचं इंजेक्शन आलं, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये थेंबांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला, कारण तो रानटी स्वरूपात १९९९नंतर कुठेही सापडला नव्हता. परळच्या हाफकिनमधून निघालेल्या थेंबांच्या कुप्या वर्षानुवर्षं देशभर गेल्या, हे मुंबईकरांना पुरेसं माहीत नसतं.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं, सगळी बरी झाली. या वेळी चूक कुठे झाली हे कळायला वर्षं लागली नाहीत. काही तासांत कळलं, जाहीर झालं आणि संबंधितांवर कारवाईही झाली. मलकोवालनंतर ११८ वर्षांनी, पुन्हा दोष कुपीतल्या लशीचा नव्हता. पण आपल्या मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या बापाला हे वाक्य पुरत नाही, आणि पुरू नये. त्याच्यासाठी ‘लस सुरक्षित आहे’ याचा अर्थ कुपीपासून मुलाच्या ओठांपर्यंत सगळं सुरक्षित आहे, असाच असतो.

त्याच वर्षी कोव्हिडची लस आली आणि काही आठवड्यांत युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा अतिशय विरळ प्रकार सापडला. तो सापडला तो प्रत्येक घटना नोंदवली जात होती म्हणूनच. काही देशांनी लगेच तरुणांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली. याउलट गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने स्वमग्नता येते, हा दावा १९९८ साली फक्त १२ मुलांवरच्या एका शोधनिबंधातून पसरला. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला, पुढचे सगळे मोठे अभ्यास त्याच्या विरोधात गेले, तरी तो आजही फोनवरून फिरतो. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची शाळाशाळांतली मोहीम सुरू झाली तेव्हाही आपल्याकडे पालक चिठ्ठ्या देऊन मुलांना घरी ठेवत होते.

या नकाराचा हिशेब मुंबईतल्या गोवंडीत झाला, असं म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०२२च्या अखेरीला गोवंडी, मालवणी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला आणि मुलं मेली. यात अफवांचा हात होता, पण मोठा वाटा टाळेबंदीच्या दोन वर्षांचा होता. लसीकरणाचे दिवस चुकले, कुटुंबं गावी गेली आणि परतली तोवर कार्ड हरवलं, नव्या पत्त्यावर कुठल्या केंद्रात जायचं हे कुणी सांगितलं नाही. गोवर इतका पसरणारा आजार आहे, की शंभरातली पंच्याण्णव मुलं संरक्षित असतील तरच वस्ती वाचते. शंभरात ऐंशी हा आकडा कागदावर चांगला वाटतो आणि गल्लीत पुरत नाही. पालिकेच्या आरोग्यसेविका आणि आशाताई दारोदार फिरल्या, वस्तीतल्या मौलानांशी, डॉक्टरांशी बोलून मशिदींमधून सांगितलं गेलं, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरची जादा मात्रा देण्यात आली.

गोवर-रुबेला निर्मूलनाची देशाची मुदत २०२३ची होती. ती हुकली, आता २०२६ सांगितली जाते. माझं एक छोटं मागणं आहे आणि ते फार खर्चिक नाही. लसीनंतरच्या गंभीर घटनांच्या चौकशीचे निष्कर्ष मराठीत, साध्या भाषेत, ज्या केंद्राच्या हद्दीत घटना घडली त्याच्या भिंतीवर लागावेत. काय झालं, लशीचा संबंध होता की नव्हता, चूक कुणाची होती, पुढे काय बदललं. आशाताईला दारात जो प्रश्न विचारला जातो, त्याचं उत्तर तिच्या हातात हवं, आणि ते उत्तर मुंबईच्या किंवा दिल्लीच्या फायलीत अडकलेलं असू नये.