कार्स अँड कॉफी

कार्स अँड कॉफी हा मोटारप्रेमींचा सकाळच्या वेळी भरणारा अनौपचारिक मेळावा होय. या मेळाव्यात सहसा प्रवेश शुल्क, स्पर्धा किंवा पारितोषिके नसतात. सहभागी व्यक्ती आपापल्या गाड्या ओळीने उभ्या करतात, बॉनेट उघडून इंजिन दाखवतात आणि कॉफी घेत गप्पा मारतात. दक्षिण कॅलिफोर्नियात रुजलेली ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. ठिकठिकाणचे मेळावे स्थानिक गट स्वतंत्रपणे भरवतात.

इतिहास

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे डोनटच्या दुकानापाशी शनिवारी पहाटे जमणारा मोटारप्रेमींचा गट या प्रकाराचा पूर्वसुरी मानला जातो. २००० नंतरच्या दशकात क्रिस्टल कोव्ह येथील बाजारसंकुलात असाच मेळावा भरू लागला. मात्र गर्दी वाढल्याने ती जागा अपुरी पडली. २००६ मध्ये अर्व्हाइन शहरात फोर्ड व माझदा या कंपन्यांच्या कार्यालयांचा वाहनतळ निवडण्यात आला. शनिवारी सकाळी तो रिकामा असे. तेथे शेकडो गाड्या येऊ लागल्या. वाढती वाहतूक आणि परिसरातील तक्रारींमुळे डिसेंबर २०१४ मध्ये हा मेळावा बंद झाला.

स्थळाची निवड

मेळाव्याचे आयुष्य बहुधा स्थळावर अवलंबून असते. इतर दिवशी वापरात असणारा, परंतु सुट्टीच्या सकाळी रिकामा राहणारा वाहनतळ सोयीचा ठरतो. बाजारसंकुलात दुकाने उघडण्यापूर्वी जागा मोकळी करावी लागते; अन्यथा ग्राहकांना गाड्या लावता येत नाहीत आणि दुकानदारांचा विरोध सुरू होतो. त्यामुळे जागामालकाची लेखी संमती आणि मेळावा संपण्याची निश्चित वेळ या दोन्ही बाबी आधी ठरवल्या जातात.

प्रवेश व निर्गमनाचे मार्ग वेगळे असल्यास कोंडी टळते. जमिनीपासून कमी उंची असलेल्या गाड्यांना उंच गतिरोधक व तीव्र चढ अडचणीचे ठरतात. जुन्या गाड्यांतून तेल गळण्याचा संभव असल्याने फरशीऐवजी डांबरी किंवा काँक्रीटची जागा बरी पडते. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनासाठी एक मार्गिका मोकळी ठेवणे आवश्यक असते. स्वच्छतागृह व कचरा उचलण्याची व्यवस्थाही पाहावी लागते.

आचारसंहिता

उभ्या गाडीचे इंजिन जोरात फिरवणे, चाके जागेवर फिरवून धूर काढणे आणि बाहेर पडताना एकदम वेग घेणे यांना बहुतेक मेळाव्यांत मनाई असते. मेळाव्यातून निघताना प्रेक्षकांसमोर वेग दाखवण्याच्या प्रयत्नात गाड्यांवरील ताबा सुटल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून निर्गमनाच्या मार्गावर स्वयंसेवक नेमले जातात आणि प्रेक्षकांना रस्त्याच्या कडेला उभे राहू दिले जात नाही. एकाच्या बेशिस्तीमुळे जागा सर्वांच्याच हातून जाऊ शकते.

भारतातील कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे फेरफार केलेल्या गाड्यांच्या मालकांना हे कलम लक्षात ठेवावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रालगतची जागा मेळाव्यासाठी गैरसोयीची ठरते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. त्यांचा नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी उपयोग करता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची रॅली, दुरुस्ती व इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात.