चेंबरखालचा काळा डाग: डिझेल इंजिनातली तेलगळती, गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज गेली काही वर्षं ट्रक आणि हायवांच्या चाकांवरून खाली उतरतं आहे. ३४८.०९ हेक्टरच्या या खाणपट्ट्यातून आलापल्लीमार्गे आष्टीकडे जाणारा रस्ता या वाहतुकीमुळे लाल झाला. खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाची पाइपलाइन २०२५ साली सुरू झाली, पण डिझेलचं काम त्यामुळे संपलं नाही. खाणीतली यंत्रं, मालाचे ट्रक, बांधावरचा ट्रॅक्टर आणि पाणी उपसणारा पंप अजून बऱ्याचदा डिझेलवरच चालतात. यांतल्या कुठल्याही इंजिनाखाली काळा डाग दिसला की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यांतले बरेच सल्ले चुकीचे असतात, कारण गळती बंद कशी करायची ते सगळे सांगतात, पण ती का होते हे कुणी विचारत नाही.

गैरसमज १: थेंब-दोन थेंब गळणारच, इंजिन जुनं आहे.

वस्तुस्थिती: आधी हिशेब करू. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर चोवीस तासांत ८,६४० थेंब होतात, म्हणजे जवळजवळ ४३० मिलिलिटर. महिनाभर सतत असंच गळत राहिलं तर तेरा लिटरच्या आसपास तेल जातं. गाडी चालू असताना तेल गरम होऊन पातळ होतं आणि दाबाखाली असतं, तेव्हा वेग आणखी वाढतो. सांध्यावर नुसती ओल असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. थेंब पडायला लागले की दुरुस्ती करायलाच हवी.

गैरसमज २: जिथून थेंब पडतो तिथेच बिघाड.

वस्तुस्थिती: तेल वरून खाली येतं, आणि पंख्याची हवा त्याला मागे ढकलते. त्यामुळे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असलं तरी थेंब पडतो चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, कडेवरून, आणि चांगलं असलेलं चेंबर पॅकिंग बदललं जातं. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ पुसून कोरडं करावं. मग संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावं. पावडर पहिल्यांदा जिथे काळवंडते, ती गळतीची जागा. खनिजाच्या लाल धुळीने माखलेल्या इंजिनावर धुण्याआधी केलेलं निदान हा नुसता अंदाज असतो.

क्लच हाउसिंगच्या तळातून थेंब येत असेल तर त्याचा वासही घ्यावा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो. इंजिन ऑइल असेल तर संशय क्रँकच्या मागच्या सीलवर जातो. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून खात्री करूनच हे काम काढावं.

गैरसमज ३: बोल्ट आणखी आवळला की गळती थांबते.

वस्तुस्थिती: सैल बोल्ट आवळावा, पण घट्ट बोल्ट पुन्हा आवळला तर नुकसान होतं. रबर-कॉर्कचं पॅकिंग दाबून बाहेर फुगतं आणि फाटतं. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकाजवळ वाकते, मग दोन बोल्टांमधली फट वाढते. ॲल्युमिनियममधले आटे तर लगेच जातात. म्हणून चेंबर आणि कव्हरचे बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळावेत. आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा, मनगटाच्या अंदाजाने नाही.

गैरसमज ४: सिलिकॉन भरपूर लावलं की काम पक्कं.

वस्तुस्थिती: जास्तीचं सिलिकॉन बाहेर येतं तसं आतही जातं. आतला तुकडा तुटून चेंबरमधल्या जाळीवर अडकला की पंपाला तेल मिळत नाही, आणि बाहेरची गळती वाचवताना आतलं बेअरिंग जातं. जिथे कंपनीने सांगितलं आहे तिथेच, पातळ आणि सलग रेषेत लावावं. दोन्ही पृष्ठभाग आधी तेलमुक्त करावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत तेल भरू नये.

गैरसमज ५: जाड तेल किंवा बाटलीतलं औषध टाकलं की गळती बुजते.

वस्तुस्थिती: जाड तेल सावकाश गळतं, थांबत नाही. उलट हिवाळ्यातल्या पहाटे सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं. बाटलीतली द्रव्यं कडक झालेल्या रबरी सीलला थोडं फुगवून नरम करतात. तो उपाय तात्पुरता असतो, आणि फाटलेलं पॅकिंग किंवा चिरलेलं चेंबर त्याने सांधत नाही.

गैरसमज ६: नवं सील बसवलं, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती: नवं सील थोड्या दिवसांत पुन्हा गळू लागलं तर दोष इतरत्र आहे. पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो, तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. धूळ आणि तेलाच्या चिखलाने ब्रीदर तुंबला की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलतो. कारण ब्रीदरचं असतं, बदललं जातं सील. म्हणून आधी ब्रीदरची नळी साफ करावी. ती मोकळी असूनही तेल भरायच्या भोकावर सैल ठेवलेलं झाकण उसळत असेल, तर रिंगा आणि लायनरची झीज तपासावी. सील बदलताना शाफ्टवरही बोट फिरवावं. जुन्या सीलचा ओठ घासून शाफ्टवर चर पडला असेल तर नवं सील त्याच चरात बसून गळेल.

गैरसमज ७: ऑइलचा दिवा लागत नाही, म्हणजे तेल पुरेसं आहे.

वस्तुस्थिती: हा दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नाही. तेल कमी झाल्याने तो लागतो तेव्हा पंप हवा ओढायला लागलेला असतो. चढ-उतारावर तेल एका बाजूला जातं, त्यामुळे कमी तेलाचा धोका डोंगरात जास्त. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी तेलाची पातळी दाखवणारी काडी तपासावी. पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. आत डिझेल किंवा पाणी मिसळत असावं, आणि ते बाहेरच्या गळतीपेक्षा घातक असतं.

गैरसमज ८: रानात तेल सांडलं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. पावसाळ्यात मातीतलं तेल नाल्यात आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जातं. खाली बांधलेल्या डब्याने गळती दुरुस्त होत नाही, पण दुरुस्ती होईपर्यंत तेल जमिनीवर पडत नाही.

आता रस्त्यात काय करायचं? टर्बो किंवा एक्झॉस्टच्या गरम नळीवर तेल पडत असेल, धार लागली असेल किंवा दाब घसरत असेल, तर तिथेच इंजिन बंद करावं. गरम धातूवरच्या तेलाला आग लागते. थेंब असतील तर काडी पाहून, तेल भरून, आलापल्ली किंवा आष्टीचं गॅरेज गाठावं. आणि तिथे मिस्तरीने पाना हातात घेण्याआधी इंजिन धुऊन घ्यायला सांगावं.