जिभेची आग, कोरडे तोंड, हलणारे दात... रजोनिवृत्तीचा तोंडाच्या आरोग्याशी काय संबंध?

भाजीत तिखट नेहमीइतकेच असते. घरातले बाकीचे निमूट जेवतात, पण तिच्या जिभेची आग होते. रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठावे लागते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या अनेक स्त्रिया ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘आता वय झाले’ असे म्हणत ही दुखणी अंगावर काढतात.

रजोनिवृत्ती म्हटले की अंगातून वाफा निघणे, घाम, चिडचिड, झोप उडणे यांची चर्चा होते. तोंडाची फारशी होत नाही. दंतवैद्य सहसा पाळीबद्दल विचारत नाहीत आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दातांबद्दल. या दोघांच्या मधे जे राहून जाते, त्याची किंमत कधी कधी दात गमावून मोजावी लागते.

पाळी थांबण्याचा आणि तोंडाचा संबंध काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. भारतात हे वय सरासरी ४६-४७ वर्षे आहे, तर पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. त्याआधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वरखाली होत घसरते. तोंडाच्या तक्रारी याच काळात सुरू होऊ शकतात.

इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी केवळ गर्भाशयात नसतात. हिरड्या, तोंडाचे आतले नाजूक अस्तर, लाळग्रंथी आणि जबड्याचे हाड यांतही त्या असतात. संप्रेरक कमी झाले की काही स्त्रियांत हे अस्तर पातळ आणि कोरडे होते, हिरड्या फिकट किंवा लालसर दिसतात आणि चटकन दुखावतात. प्रत्येकीला हा त्रास होतोच असे नाही.

लाळ कमी झाली तर काय बिघडते?

बरेच काही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, चव कळू देते, जंतूंना आवर घालते. शिवाय ती तोंडातले आम्ल सौम्य करते आणि दातांना कॅल्शियम-फॉस्फेट परत पुरवते. आपण काही गोड खाल्ले की जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचे कवच किंचित विरघळते. लाळ ती झीज भरून काढते. लाळच कमी पडली तर झीज होत राहते, भरपाई होत नाही. मग वर्षानुवर्षे न किडलेले दातही किडू लागतात.

ही कीड बहुतेकदा हिरडीच्या कडेला लागते. वयानुसार हिरडी थोडी मागे सरकली की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर कठीण कवच नसते, त्यामुळे कमी आम्लातही ते विरघळते. गार पाण्याची कळ हे अनेकदा त्याचे पहिले लक्षण असते.

मात्र कोरड्या तोंडाचे खापर लगेच रजोनिवृत्तीवर फोडू नये. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरची काही औषधे लाळ कमी करतात. मधुमेहातही तोंडाला कोरड पडते. तोंडाबरोबर डोळेही कोरडे, चुरचुरणारे असतील तर ‘शोग्रेन’ या आजाराची शक्यता तपासावी लागते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत खूप जास्त आणि बहुधा चाळिशीनंतर आढळतो.

जीभ भाजल्यासारखी का वाटते?

जिभेचे टोक, टाळू किंवा ओठ यांची आग होते, पण आरशात पाहिले तर ना फोड, ना लाली. डॉक्टरही ‘काही दिसत नाही’ म्हणतात आणि घरच्यांना ते मनाचे खेळ वाटतात. रोज दोन तासांहून अधिक आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ अशी आग होत असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. रजोनिवृत्तीच्या आगेमागे असलेल्या स्त्रियांत तो सर्वाधिक दिसतो. त्यात चवीच्या आणि वेदनेच्या मज्जातंतूंचे काम बिघडलेले असते असे मानले जाते. ही वेदना खरी असते.

‘दुसरे कारण सापडत नसेल’ हे यातले महत्त्वाचे शब्द. बी-१२, लोह किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, तोंडातला बुरशीसंसर्ग यांतही अशीच आग होते आणि त्यावर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे आधी रक्ततपासणी, मग निदान.

दात हलू लागतात, ते हाडांमुळे?

दात हिरडीत नव्हे, जबड्याच्या हाडात रुतलेले असतात. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरते. ते घटल्यावर रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. कंबर आणि मनगटाइतकाच जबडाही त्याच सांगाड्याचा भाग आहे.

तरीही दात हलण्याचे मुख्य कारण हिरड्यांचा जंतुसंसर्गच असतो. दातांवर साचलेले कीटण हिरडीखाली उतरते आणि हाड कुरतडते. हाड आधीच विरळ असेल तर हे नुकसान वेगाने होऊ शकते. कीटण काढण्याच्या सफाईला दंतवैद्य ‘स्केलिंग’ म्हणतात. ‘स्केलिंगने दात सैल होतात’ हा समज चुकीचा आहे. हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने ती फट भरलेली असते, ते निघाले की सैलपणा जाणवतो इतकेच.

हाडांची औषधे सुरू असतील तर?

हाडांच्या ठिसूळपणावर अनेकींना आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन दिले जाते. ही औषधे हाड मोडण्यापासून वाचवतात. पण ती सुरू असताना दात काढला तर क्वचित जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका फारच कमी आहे, दहा हजारांत काही जणींना. कर्करोगात हीच औषधे मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा तो वाढतो.

म्हणून औषध सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत आणि काढायचे असतील ते आधीच काढून घ्यावेत. औषध सुरू असेल तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे नाव सांगावे. भीतीपोटी औषध स्वतःहून बंद करू नये. डेनोसुमॅब लांबवले तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. ॲलेंड्रोनेटची गोळी चघळू नये, तोंडात जखमा होतात. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये.

मिश्री लावणाऱ्यांनी काय पाहावे?

महाराष्ट्रात अनेक स्त्रिया अजूनही सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मिश्री, तंबाखू किंवा सुपारीची सवय असेल आणि तोंडाची आग होत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम असेल, तर ‘पाळी गेल्यामुळे असेल’ म्हणून थांबू नये. त्यात कर्करोग किंवा त्याची पूर्वसूचना असू शकते.

हार्मोनच्या गोळ्यांनी फरक पडेल का?

केवळ तोंडासाठी ही उपचारपद्धती सुचवली जात नाही. वाफा, घाम यांचा त्रास तीव्र असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ प्रकृती पाहून तिचा विचार करतात.

घरी काय करता येईल?

- दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासा. अनेक ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. ट्यूबवर वाचून घ्या.
- घोट घोट पाणी पीत राहा. दिवसभर थोडा थोडा गोड चहा किंवा कोरडेपणावर खोकल्याच्या गोड गोळ्या चघळणे टाळा. साखर नसलेले च्युइंग गम चालते, त्याने लाळ सुटते.
- अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा.
- कवळी असेल तर रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवा.
- दर सहा महिन्यांनी दात दाखवा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

पुढच्या वेळी दंतवैद्याकडे गेलात तर तीन गोष्टी आपणहून सांगा: पाळी कधी थांबली, कोणती औषधे सुरू आहेत आणि हाडांची तपासणी झाली आहे का. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात तर तोंडाचा त्रासही सांगा. आणि आई किंवा सासूबाई ‘तिखट सोसत नाही गं’ म्हणाल्या, तर वेगळी भाजी करण्याआधी त्यांना तोंड उघडून दाखवायला सांगा.