स्पॅनिश नियमित क्रियापदाचा वर्तमानकाळ : मराठीशी तुलना

स्वभाषेची वैशिष्ट्ये परभाषेच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट होतात. म्हणून मराठी आख्यातविचाराच्या जोडीला येथे स्पॅनिशचे उदाहरण घेऊ.

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप 'आर', 'एर' किंवा 'ईर' या प्रत्ययांपैकी एकाने संपते. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्यातील 'आर' काढला की 'आब्ल' हे अंग उरते. त्याला पुरुष व वचन यांनुसार प्रत्यय लागतात :

प्रथम पुरुष : आब्लो (मी), आब्लामोस (आम्ही)
द्वितीय पुरुष : आब्लास (तू), आब्लाइस (तुम्ही)
तृतीय पुरुष : आब्ला (तो, ती), आब्लान (ते, त्या)

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ही सहाही रूपे परस्परांहून भिन्न असल्याने कर्ता सहज वगळता येतो. मराठीत नुसते 'बोलतो' म्हटले, तर कर्ता 'मी', 'आम्ही' की 'तो', हे संदर्भावरूनच ठरते. दुसरी, स्पॅनिश रूपांत लिंगभेद नाही. स्त्री असो वा पुरुष, 'आब्लो' हेच रूप. मराठीत मात्र एकवचनात 'बोलतो' आणि 'बोलते' असा भेद करावाच लागतो. त्यामुळे स्पॅनिश कथेचा अनुवाद करणाऱ्याला निवेदक स्त्री आहे की पुरुष, हे ठरविल्याशिवाय पहिले वाक्यही लिहिणे कठीण जाते. मूळ लेखकाने जे मोघम ठेवले, ते मराठी व्याकरण उघड करावयास लावते.

स्वयंअध्ययन : 'कांतार' (गाणे) या क्रियापदाची सहा रूपे लिहा व मराठी रूपांशी ताडून पाहा.