हरलेल्यांना उमगलेला देव

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2013 च्या डिसेंबरपासून दोनेक महिने भाजलेल्या मातीची एक वस्तू पाहुणी म्हणून आली होती. लांबी जेमतेम वीतभर, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती आणि अंगभर बारीक क्यूनिफॉर्म लिपी. एरवी ही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. होर्मुझ्द रस्सामच्या उत्खननात 1879 मध्ये ती बाबिलोनच्या ढिगाऱ्यातून वर आली. इराणचा सम्राट सायरस, म्हणजे मराठी बायबलमधला कोरेश, यानं इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन जिंकलं, त्यानंतरचा हा मजकूर. बाबिलोनचा देव मार्दुक आपल्याच राजावर रुष्ट झाला, त्यानं देशोदेशी शोध घेतला, सायरसचा हात धरला, त्याला नावानं हाक मारली आणि शहर त्याच्या स्वाधीन केलं, असं त्यात लिहिलंय.

यात नवल काही नाही. जिंकणारा राजा आणि त्याला निवडणारा देव ही जोडी जुन्या जगात जागोजागी भेटते. नवल पुढे आहे. त्याच काळात कैद करून आणलेल्या यहुदी लोकांमधला एक संदेष्टा याच सायरसबद्दल बोलत होता. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. यशयाच्या ग्रंथाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा बराचसा भाग त्याचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पंचेचाळिसाव्या अध्यायात तो म्हणतो की सायरसचा उजवा हात धरला तो आमच्या देवानं, नावानं हाक मारली तीही त्यानंच, आणि सायरसला मात्र हा देव ठाऊकसुद्धा नाही. तोच राजा, तोच धरलेला हात, तीच हाक. दावेदार दोन. एकाच्या मागे जगातलं सर्वांत वैभवशाली शहर उभं होतं. दुसऱ्याच्या मागे काय होतं? जळून गेलेलं एक मंदिर.

हे मंदिर यरुशलेमचं. नबुखद्नेस्सरच्या सैन्यानं इ.स.पू. 586 च्या सुमारास ते जाळलं, तिथली सोन्याचांदीची भांडी बाबिलोनला नेली, आणि लोकांनाही नेलं. त्या काळच्या हिशोबानं निकाल लागला होता. माणसं लढतात तेव्हा वर त्यांचे देवही लढत असतात, आणि ज्याचं देऊळ जळतं तो देव हरलेला असतो. शेजारच्या मवाबी लोकांचा कमोश, अम्मोन्यांचा मिलकोम, या देवांना आज जगात एकही भक्त उरलेला नाही. यहुद्यांच्या देवाचंही तेच व्हायचं होतं. खुद्द यरुशलेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक इतर देवांकडे वळत आले होते आणि संदेष्टे त्यांच्याशी भांडत आले होते. आता तर सगळंच संपलं होतं.

आणि नेमक्या याच घडीला, सर्वस्व गमावलेल्या माणसांच्या वस्तीतून, त्या काळी कुणाला सुचला नसता असा विचार स्पष्ट शब्दांत पुढे आला: आमचा देव हरला नाही, कारण त्याच्याशी लढायला दुसरा देवच नाही. मार्दुकचा पराभव होईल, असं हा संदेष्टा म्हणत नाही. मार्दुक मुळात देव नाही, असं म्हणतो. मिरवणुकीतल्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर ओझं होऊन वाकल्यात, त्यांना स्वतःला वाचवता येत नाही, असं तो पुढच्याच अध्यायात सांगतो. विजयाच्या धुंदीत माणसं आपल्या देवाला सर्वांत मोठा म्हणतात, ते समजण्यासारखं आहे. इथे मात्र हरलेली माणसं आपला देव एकमेव आहे म्हणत होती. मला या गोष्टीचं आश्चर्य आजही ओसरत नाही.

हा विचार स्वीकारणं सोपं नव्हतं, कारण त्याची किंमत मोठी होती. अनेक देव असले की दुःखाला पत्ते अनेक मिळतात. रोगराई या देवाची, पूर त्या देवाचा, आणि आपला देव बिचारा त्यांच्यापुढे कमी पडला. देव एकच असेल तर ही सोय संपते. त्याच पंचेचाळिसाव्या अध्यायात देव स्वतःबद्दल सांगतो की उजेड घडवणारा मीच आणि अंधारही माझाच, सुख देणारा मीच आणि अरिष्टही माझ्याच हातून. किती अवघड बोलणं आहे हे! म्हणून या परंपरेत तक्रारही एकाच दाराशी येते. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत: किती काळ, का, कुठे आहेस तू? सगळं गमावलेला ईयोब देवावर फिर्याद मांडतो आणि ती ऐकून घ्यायलाही देवालाच बोलावतो, कारण वरचं न्यायालय दुसरं कुठलं नाही. ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेतला हा रोखठोकपणा अनेकांना खटकतो. मला तो श्रद्धेचाच पुरावा वाटतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याशी कोण भांडतं?

आता पाचेकशे वर्षं पुढे येऊ. मंदिर पुन्हा उभं राहिलं. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेम जिंकून त्याच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात शिरला. फक्त महायाजकानं, तेही वर्षातून एकदा, पाऊल टाकायची ती जागा. आत मूर्ती नव्हती. रोमन इतिहासकार टॅसिटसनं ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे, कारण रोमन माणसाला ती चक्रावून टाकणारी होती: एवढी तटबंदी, एवढी निष्ठा, आणि गाभारा मोकळा.

या एकाच देवाचं नाव सकाळ-संध्याकाळ घेत वाढलेला एक यहुदी म्हणजे पौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तो तुरुंगातून फिलिप्पै गावातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहितो. फिलिप्पै ही रोमची वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, रोमन असण्याचा तोरा मिरवणारी. तिथल्या माणसांना सत्ता म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल येशूबद्दलच्या काही ओळी देतो. त्या पौलाच्याही आधीपासून मंडळ्यांमध्ये गायल्या जात असाव्यात, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. जो देवाच्या स्वरूपात होता त्यानं ती बरोबरी धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली उतरला. आणि म्हणून प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ त्याला प्रभू म्हणेल.

हे गुडघे आणि ही जीभ आली कुठून? यशयाच्या त्याच पंचेचाळिसाव्या अध्यायातून. तिथे देव शपथ वाहून सांगतो की माझ्यावाचून दुसरा देव नाही आणि प्रत्येक गुडघा माझ्यापुढेच टेकेल. एकदेवत्वाचा यहुदी धर्मग्रंथांतला बहुधा सर्वांत कडक उद्गार, आणि पौल तो एका सुतारावर ठेवतो. त्या सुताराला मारून जेमतेम पंचवीस-तीस वर्षं झालेली. मरण तरी कसलं, तर गुलामांना आणि बंडखोरांना देतात ते, ज्याचं नावही रोमन नागरिकाच्या कानी पडू नये असं रोमन वक्ता सिसरो याला वाटे. पौल दुसरा देव मांडत नाही. एकच देव आहे यावर तो ठाम आहे. तो म्हणतो, त्या एकाच देवाची सत्ता कशी असते ते इथे दिसलं.

माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचं मर्म इथे आहे. सार्वभौम देव म्हणजे सर्वांत मोठा सम्राट, असा विचार केला तर देव फक्त आकारानं वाढवलेला सीझर होतो. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी, पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलंय हे जाणून, येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल गुंडाळतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. सगळं हातात आहे ‘तरीही’ पाय धुतले, असं योहान लिहीत नाही. सगळं हातात आहे हे जाणून तो उठला, असा क्रम आहे. पवित्र गुरुवारी वसईपासून व्हॅटिकनपर्यंत धर्मगुरू लोकांचे पाय धुतात ते या क्रमाची आठवण म्हणून.

असं मानणाऱ्यांची रोमशी गाठ पडणारच होती. सुमारे 112 साली काळ्या समुद्राकाठच्या प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला सल्ला विचारतो. हे ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असं तो कळवतो. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहून जे ख्रिस्ताला शिव्याशाप देतात त्यांना तो सोडून देतो. अधिक माहिती काढायला त्यानं दोन बायकांचा छळ केला. दोघी गुलाम होत्या आणि मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या. त्यांची नावं प्लिनीनं लिहिली नाहीत. चिमूटभर धूप टाकायला काय हरकत होती? हरकत एवढीच की देव एक असेल तर त्याच्या वाट्याचं नमन दुसऱ्याला देता येत नाही, आणि हे एका गुलाम बाईला साम्राज्याच्या तोंडावर सांगता आलं.

आतूनही परीक्षा आली. काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदराचा जहाजमालक मार्सियन रोमला आला आणि तिथल्या मंडळीला त्यानं दोन लाख सेस्टर्स दान दिलं. रोमन शिपायाच्या दीडशेहून जास्त वर्षांच्या पगाराइतकी ही रक्कम. त्याचं म्हणणं असं, की हे दुःखानं भरलेलं जग घडवणारा देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा. म्हणणं मोहात पाडणारं होतं, कारण ईयोबाचा प्रश्न त्यानं चुटकीसरशी सुटतो. रोमच्या मंडळीनं 144 साली त्याला बाहेर काढलं आणि पैसेही परत केले. कारण जग घडवणारा देव परका ठरला, तर माती, देह, भूक, लेकरू हे सगळंच परकं ठरतं. त्यापेक्षा त्यांनी अवघड प्रश्न जवळ ठेवला.

पुढे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणू लागला की पुत्र थोर आहे, पण तोही निर्मितीच. यावरचा वाद 325 साली नायसियाच्या परिषदेत आला. आज त्या गावाला इझनिक म्हणतात, ते तुर्कस्तानात आहे. पेच खरा होता. येशू दुय्यम दर्जाचा देव असेल तर त्याची उपासना म्हणजे एकदेवत्वाचा भंगच. परिषदेनं दुय्यम देवत्वाची वाट बंद केली: पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे. हा वाद फक्त पंडितांचा राहिला नाही. काही दशकांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये साधा पावाचा भाव विचारला तरी पिता-पुत्रावरचं मत ऐकावं लागतं, अशी कुरकुर निस्साचा बिशप ग्रेगरी यानं केली आहे. त्या वादातून घडलेला मतांगीकार आजही आपल्याकडच्या चर्चमध्ये मराठीतून म्हटला जातो.

या विश्वासाचा गैरवापर झाला, आणि तो किरकोळ नव्हता. देव एक, म्हणून राजाही एक आणि प्रजेचा धर्मही एक, असा सोयीचा अर्थ सत्ताधाऱ्यांनी काढला. 1560 मध्ये सुरू झालेलं गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मराठी आणि कोकणी माणसाला कुणी वेगळं सांगायला नको. पाय धुणाऱ्या प्रभूच्या नावानं माणसांना धाक घातला गेला. माझ्या लेखी हा त्या एका देवाचाच अपमान होता.

तोच विश्वास सत्तेच्या आड उभा राहिला तेही सांगायला हवं. 1934 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेन इथे काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एक निवेदन मंजूर केलं. त्याचा मुख्य लेखक धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ. चर्चनं ऐकायचं ते ख्रिस्ताच्या रूपातल्या देवाच्या एकाच शब्दाचं. त्याच्या जोडीला कुठलीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती देवाचा आवाज म्हणून बसवायची नाही, असं त्यात होतं. हिटलरचं नाव नव्हतं, पण रोख कळायला अवघड नव्हता. त्याच वर्षी सरकारी नोकरांना हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बॉन विद्यापीठात शिकवणारा बार्थ म्हणाला की घेतो, पण ‘प्रोटेस्टंट ख्रिस्ती म्हणून मला शक्य असेल तिथवर’ अशा अर्थाची अट त्यात घाला. पुढे 1935 मध्ये त्याची नोकरी गेली आणि तो स्वित्झर्लंडला, बाझेलला परतला.

बार्मेनच्या त्या निवेदनात ज्यूंबद्दल मात्र एक शब्द नाही. ज्यांनी हा एकमेव देव जगाला सांगितला, त्यांच्याच मुळावर तेव्हा जर्मनी उठला होता. 1967 मध्ये, मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी, एका पत्रात बार्थनं लिहिलं की निदान तेव्हा जाहीरपणे तो मुद्दा आपण निर्णायक ठरवला नाही, हा आपला दोष आहे असं आपल्याला फार पूर्वीपासून वाटत आलंय.