शोधसूचीच्या मेटाडेटाचे संचिका-स्वरूप

शोधयंत्राच्या सूचीविषयीची माहिती ज्या मांडणीत साठविली जाते, तिला शोधसूचीच्या मेटाडेटाचे संचिका-स्वरूप म्हणतात. कोणता शब्द कोणत्या दस्तऐवजात आहे, हे सूची सांगते. तर क्षेत्रांची नावे, सूचीच्या खंडांची यादी, आवृत्ती आणि शब्द तोडण्याचे नियम मेटाडेटात असतात. मेटाडेटा बिघडल्यास सूचीतील नोंदी शाबूत असूनही त्यांचा अर्थ लावता येत नाही.

प्रमुख स्वरूपे

जेसन हे मजकुरी स्वरूप साध्या संपादकात वाचता येते. टँटिव्ही हे शोधग्रंथालय आपला मेटाडेटा जेसन संचिकेत ठेवते. अपाचे ल्युसीन द्विमान स्वरूप वापरते. त्याच्या संचिकांच्या आरंभी स्वरूपाची आवृत्ती आणि शेवटी बिघाड ओळखणारी तपासबेरीज असते. मेटाडेटात वारंवार फेरबदल होत असल्यास एस्क्यूलाइट सोयीचे ठरते, कारण त्यात बदल एक तर पूर्ण होतो, नाही तर होतच नाही.

देवनागरी मजकूर

अकोला जिल्ह्यातील ‘बार्शीटाकळी’ हे नाव युनिकोडच्या ११ चिन्हांचे आहे. ते युटीएफ-८ मध्ये ३३ बाइट व्यापते. जेसनमध्ये प्रत्येक चिन्ह सांकेतिक अंकांत लिहिल्यास ६६ बाइट लागतात आणि नाव डोळ्यांनी वाचताही येत नाही. हेच नाव ‘बार्शी टाकळी’ असे लिहिल्यास सूचीत सामान्यतः दोन शब्द होतात.

‘वऱ्हाड’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला जातो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात. मात्र त्यांचे बाइट अनुक्रमे १८ आणि २१ असतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एकरूप करीत नाही. म्हणून सूची करताना लावलेला नियम मेटाडेटात नोंदवून शोधशब्दालाही तोच लावावा लागतो. अन्यथा लेख उपलब्ध असूनही वाचकाला सापडत नाही.

निवडीचे निकष

मेटाडेटा आकाराने सूचीच्या तुलनेत अत्यल्प असल्याने जागेच्या बचतीपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची ठरते. आवृत्ती क्रमांक, तपासबेरीज आणि नवी संचिका पूर्ण लिहून मगच जुनीच्या जागी आणण्याची पद्धत कोणत्याही स्वरूपात आवश्यक असते. लहान संग्रहासाठी युटीएफ-८ मधील जेसन पुरेसे असते. खंडांची संख्या मोठी असल्यास द्विमान स्वरूप जलद वाचले जाते.